आरसो उघडला त्या दुपारी

तुमच्या घरातला बंद पडलेला संगणक मेला आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि ज्याने सांगितलं, त्याने तो उघडून पाहिला होता का?

आमचा तरी उघडला नव्हता. मी आणि काकी तो जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षाने तालुक्याच्या गावाला घेऊन गेलो होतो. आमच्या मिठबाव गावापासून सबंध वाट काकीने तो मांडीवर धरला होता आणि प्रत्येक खड्ड्याला ती स्वतःच थोडी वर उचलली जायची, त्याला धक्का बसू नये म्हणून. दुकानातल्या माणसाने वायर लावली, बटण दाबलं. पडदा उजळला आणि पाचेक मिनिटांत काळा झाला. त्याने पुन्हा बटण दाबलं आणि पडदा दुसऱ्यांदा काळा व्हायच्या आतच निकाल सांगून टाकला. बोर्ड गेलाय. पडद्याच्याच पाठीत सगळा संगणक बसवलेला असतो, त्यामुळे एक गेलं की सगळं गेलं. नवीन घ्या. मी विचारलं, उघडून बघणार का? माणूस स्वभावाने चांगला होता. तो हसून म्हणाला, "मॅडम, हे उघडायचं नसतंच. बघा ना, स्क्रू कुठेय?"

खरंच नव्हता. पांढरी गुळगुळीत पाठ, पुढे काच, आणि कुठे फट नाही. खाली तळाशी बारीक भोकांची एक रांग, एवढंच. मी त्या पाठीवरून बोट फिरवत उभी राहिले आणि मला एकदम राग आला. मला राग फार लवकर येतो. ज्या वस्तूचे पैसे आपण दिले, जी आपल्या टेबलावर आठ वर्षं बसली, तिच्या आत जायचा दरवाजाच करणाऱ्याने ठेवलेला नाही, ह्याचा अर्थ ती आपल्या मालकीची कधी झालीच नव्हती. ती आपल्याकडे नुसती राहायला आली होती.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. हे शब्दशः खरं आहे. बाबा पत्रकं लिहायचे. डोंगर पोखरून खनिज नेणाऱ्यांविरुद्ध, किनाऱ्याला खेटून जाळी ओढणाऱ्या बाहेरच्या ट्रॉलरांविरुद्ध, शाळेच्या वेळेला न येणाऱ्या एसटीविरुद्ध. माझा पाळणा ज्या खोलीत होता त्याच खोलीत गठ्ठे असायचे, आणि चुकलेल्या प्रतींच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. 'कमळ' आणि 'बदक' ह्यांच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. बाबा लिहीत आणि काकी छपाईसाठी अक्षरं जुळवत असे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांनी लिहिणं सोडलं. आता मी लिहिते, आणि काकी अजूनही जुळवते.

म्हणजे जुळवत होती.

काका बोटीवर असतो, वर्षातले नऊ महिने समुद्रात. एका सफरीनंतर मुंबईहून येताना त्याने हा संगणक आणला. खोक्यातून काढून टेबलावर ठेवला तेव्हा काकीने त्याच्या काळ्या काचेत बघून आधी अंबाडा सारखा केला, आणि त्या दिवसापासून तो आमच्या घरात आरसो झाला. "आरसो चालू कर गो," "आरशावर कापड घाल गो." गावच्या लग्नपत्रिका, दशावताराच्या नाटकाची पत्रकं, बाराव्याची कार्डं, पतपेढीच्या नोटिसा, सगळं आरशातून निघायचं.

आणि काकी दुसऱ्या कुठल्या संगणकावर हे करू शकत नव्हती. लग्नाआधी मालवणला क्लासला जाऊन ती मराठी टाइपरायटर शिकली होती. आरशात अक्षर जुळवण्याचं जे सॉफ्टवेअर होतं, त्याच्या कळा त्याच टाइपरायटरच्या क्रमाने चालायच्या. ते बनवणारे कधीच गायब झालेत, त्याची सीडी हरवली आहे, आणि नव्या संगणकावर ते उघडतसुद्धा नाही. मी माझ्या लॅपटॉपवर तिला नवी पद्धत शिकवायला बसले होते. दोन संध्याकाळी ती बसली. 'देवस्थान' एवढा एक शब्द तिने एकेक बोटाने लिहिला, त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि लॅपटॉप हळूच मिटून माझ्याकडे सरकवला.

"ह्यो माझो हात न्हय," ती म्हणाली.

बाईला अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्या स्वतःच्या भाषेत परत पहिलीत बसवायचं, हे मला जमणारं नव्हतं.

त्यातच जत्रेचा कागद आला. आमच्या देवळाच्या जत्रेचा कार्यक्रम दरवर्षी काकीच जुळवते. पालखी किती वाजता, ओट्या कधीपासून, रात्री नाटक कुठल्या मंडळाचं. देवस्थानाचे एक वडीलधारे मानकरी हाताने लिहिलेला तो कागद घेऊन आमच्या पडवीत बसले, चहा घेतला, आरशाची चौकशी आजारी माणसाची करावी तशी केली, आणि जाताना चपला घालता घालता म्हणाले की सोमवारपर्यंत थांबतो, नायतर मग फ्लेक्सवाल्याकडे देतो, तो काय, फोटोबिटो घालून एका तासात देतो म्हणतो. त्यात वाईट हेतू काही नव्हता. पण फ्लेक्सवाल्याकडे एकदा गेलेला कागद परत येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि काकीलाही. जत्रेचा कागद गेला की पाठोपाठ पत्रिका जाणार, मग नोटिसा. काकी "बरा" एवढंच म्हणाली आणि विळीवर बसून बांगडे साफ करायला लागली. नंतर मी पाहिलं, हात धुऊन ती आरशासमोर उभी होती आणि पदराने त्याची काच पुसत होती.

मी तेव्हा ठरवलं की आरसो उघडायचा.

खरं सांगायचं तर माझा अर्धा जीव दुसरीकडेच होता. दुकानातून आल्यापासून मी एक पत्रक लिहायला घेतलं होतं. मथळा होता 'आमच्या वस्तूचा खून'. वहीत मी दहा प्रश्न काढले होते आणि प्रत्येकाला दहा गुण ठेवले होते: काच न फोडता उघडतो का, स्क्रू साधे आहेत का, मेमरी बदलता येते का, डिस्क बाहेर निघते का, पंखा सुटा मिळतो का, आत जायचा नकाशा करणाऱ्याने दिला आहे का. आरशाची मी परीक्षा घेणार होते, आणि तो नापास होणार हे मला आधीच माहीत होतं. निकालासकट प्रश्नपत्रिका. दुकानदाराने जे केलं तेच मी करत होते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

शनिवारी बाबा मसुऱ्याला पाहुण्यांकडे गेले होते. जेवणं झाली, गाव झोपलं. आमच्याकडे दुपारी दोन ते चार ह्या वेळात समुद्रच काय तो जागा असतो, आणि तोही कुशीवर झोपल्यासारखा आवाज करतो. मार्गशीर्षातलं मऊ ऊन खिडकीतून माजघरात आलं होतं आणि माडाच्या झावळ्यांच्या सावल्या लादीवर इतक्या सावकाश हलत होत्या की त्यांच्याकडे बघताना डोळे मिटायला लागायचे. वायर मी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती. काकीने धुतलेली चादर पसरली, तिच्यावर उशी ठेवली, आणि उशीवर आरसो उताणा निजवला.

मग ती हात जोडून उभी राहिली. मी ओळखलं. आमच्याकडे विहीर खणायची असो की होडी पाण्यात लोटायची, आधी देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि बाकीच्यांनी त्याला होकार द्यायचा असतो. मी म्हटलं, काकी, मी हे मानत नाही हे तुला माहीत आहे. ती म्हणाली, तू मानू नको, नुसतं व्हय म्हण, माका एकटीक घालूक येना नाय. मग डोळे मिटून:

"बा देवा म्हाराजा, आज ह्या चेडू आरशाचा पोट उघडता हा. त्येच्या काचेक तडो जाव नको. खय काय चुकला-माकला तर सांभाळून घी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. पत्रकवाली मी.

काचेच्या कडेने आतून चिकटपट्टी असते, एवढं मी वाचलं होतं. ती ऊब दिल्यावर सैल होते. काकीने तव्यावर तांदूळ गरम केले, फडक्याच्या पुरचुंडीत बांधले आणि गुडघा शेकावा तशी ती पुरचुंडी काचेच्या काठाने फिरवायला लागली. थोडं शेकायचं, थांबायचं, हाताच्या पाठीने ऊब बघायची, पुन्हा शेकायचं. एका कोपऱ्यात केसाएवढी फट दिसली. तिच्यात काय घालायचं? सुरी घातली तर काच गेली. काकी उठली आणि काका सुट्टीवर आला की समुद्रकाठच्या खडपावर गरवायला नेतो ती तंगूस घेऊन आली, मासे पकडायचा गळ बांधतात ती नायलॉनची दोरी. दोन टोकं दोघींच्या हातात. मी ओढायची, तिने सोडायची. तिने ओढायची, मी सोडायची.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. तांदळाचा भाजका वास, दोरीची बारीक करकर, आणि पलीकडे लाट. मला एकदा असं वाटलं की आम्ही दोघी होडीत बसलोय आणि खाली खोल पाण्यात काहीतरी सावकाश वर येतंय. काकी मध्येच गुणगुणत होती. ओढाओढी करू नको, ती म्हणायची, त्येच्या मनान येऊदे. आणि मग, आम्ही खालच्या कडेला पोचलो तेव्हा, काच सुस्कारा सोडल्यासारखा आवाज करून सुटली.

मी चारी कडांवरून नजर फिरवली. तडा नव्हता. काकीने काच दोन्ही हातांनी अलगद वर केली, तिच्या मागच्या दोन वायरी मी बोटांनी सोडवल्या, आणि आम्ही दोघींनी आत वाकून पाहिलं.

आठ वर्षं मी ज्याच्यासमोर बसले त्याच्या आत एक गाव होतं. हिरवा बोर्ड, त्याच्यावर भातशेतीच्या कुणग्यांसारखे चौकोन, त्यांच्यामधून जाणारे चंदेरी पाट. मधून तांब्याची एक चपटी नळी खाडीसारखी वळत गेली होती. सगळ्यावर वाळूची पातळ साय. आपल्याच किनाऱ्याची वाळू, खिडकीतून एकेक कण आलेली. एका कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची दोन रिकामी टरफलं. म्हणजे इथे कोणीतरी जन्मलं होतं, आणि आम्हाला पत्ता नव्हता. काकी आणखी खाली वाकली. मग तिने हळूच विचारलं की माझी अक्षरं ह्याच्यात खंय आसत. मी डिस्कचा डबा दाखवला. तिने त्याला बोटाचं टोक लावलं आणि लगेच मागे घेतलं.

आता स्क्रू. आतमध्ये होते, भरपूर, आणि सगळे वेगवेगळ्या लांबीचे. मी वाटीत टाकायला लागले तशी काकीने माझा हात धरला. तिने पत्रावळ आणली आणि आरशाच्या शेजारी ठेवली. पान वाढतो तसे ठेव, म्हणाली. पानात मीठ मध्यभागी वर, डावीकडे चटणी आणि लोणचं, उजवीकडे भाज्या, मध्ये भात. हे आपल्याला झोपेतही चुकत नाही. मग वरच्या काठाचे स्क्रू मिठाच्या जागी, डावीकडचे लोणच्या-चटणीच्या जागी, उजवीकडचे भाजीच्या, आणि मधल्या बोर्डाचे भाताच्या जागी. कुठल्याही कंपनीने दिला नव्हता तो नकाशा काकीने एका पत्रावळीवर मांडला.

मी वहीत गुण देत होते. काच उघडण्याला शून्य, कारण ती तांदूळ आणि दोरीने सुटली, करणाऱ्याच्या सोयीने नव्हे. स्क्रूंना तीन, कारण त्यांची डोकी चांदणीच्या आकाराची होती आणि माझ्याकडे तसलं एकच पातं होतं. डिस्क निघाली, तिला सात. मेमरी बोर्डाला डाग देऊन चिकटवलेली, शून्य. काकी वाकून वही बघायची आणि म्हणायची, मास्तरीण बरीच कडक आसा, माझ्या पोराक जरा बगून दी. पुरचुंडी निवली तशी, आत आणखी काही चिकटवलेलं निघालं तर हाताशी असावी म्हणून, ती पुन्हा तांदूळ गरम करायला आत गेली, आणि मी पंख्याचं झाकण काढलं.

पंखा फिरत नव्हता. पात्यांच्या मध्ये, बाहेर हवा जाते त्या वाटेत, पिवळट पांढरं काहीतरी थिजलेलं होतं. धूळ आणि वाळू त्यात रुतली होती, आणि ते साबणासारखं घट्ट झालं होतं. मी नख लावलं. एक खपली निघाली. ती दोन बोटांत धरली तर बोटांच्या उबेने मऊ व्हायला लागली, आणि मला कळलं.

मुठयाल. कोकमाच्या बियांचं तेल थिजवून मुठीने वळलेले गोळे, थंडीत टाचांना भेगा पडल्या की आपण लावतो ते. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. खाऱ्या वाऱ्याने इथे कात्री गंजते, कुलूप गंजतं, बिजागरी गंजते. दर जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, काकी घरभर फिरून सगळ्या लोखंडाला मुठयाल चोळते. शिलाई मशीनला, कडीकोयंड्यांना, आणि आरसो आला त्या वर्षापासून आरशालाही. तळाची ती बारीक भोकं वाऱ्याला उघडी राहू नयेत म्हणून त्यांच्यात ती नीट भरायची. आरसो तापला की ते वितळून आत ओघळायचं. गार झाला की थिजायचं. आठ पावसाळे. पंखा अडकला म्हणून आरसो तापत होता, आणि तापला की आपल्याला वाचवायला आपोआप बंद होत होता. बोर्डाला काही झालेलं नव्हतं.

आणि ती भोकं भरायला काकीबरोबर मीही असायची. माझं बोट बारीक होतं. मुठयाल लावून झाल्यावर तिने मला 'बरा केलंस हां' म्हटलेलं मला आठवलं.

मी काय केलं ते लिहिते. मी ती खपली चादरीच्या घडीखाली सरकवली, फडकं घेतलं आणि घाईघाईने पंखा पुसायला लागले. माझ्या डोक्यात पत्रक होतं. 'आमच्या वस्तूचा खून' ह्या मथळ्याखाली मुठयाल कुठे बसणार? कंपनीवाले हसतील, तो दुकानदार हसेल, म्हणतील ह्या लोकांच्या हाती संगणक द्यायलाच नको. मी दहा प्रश्न काढले होते, त्यात 'तुम्ही त्याच्यात काय चोपडलंत' हा प्रश्न नव्हता.

"काय लपयतंस गो?"

काकी दारात उभी होती, हातात वाफाळती पुरचुंडी. मी 'काय नाय' म्हटलं. ती येऊन शेजारी बसली, चादरीची घडी उलटली, खपली उचलली, बोटांत चोळली. तिला वास घ्यावा लागला नाही. खिडकीतल्या सावल्या एका लादीवरून दुसरीवर गेल्या होत्या. तिने ती चिकट बोटं पदराला पुसली.

"म्हणजे मियाच मारलंय त्येका," ती म्हणाली.

मग मी भाषण केलं. उभी राहून केलं, हातवारे करून. त्यांनी एक स्क्रू बाहेर ठेवला असता तर आपण दर वर्षी उघडून पुसला असता. भोकं कशासाठी आहेत हे एका ओळीत मराठीत लिहिलं असतं तर तू ती बुजवली नसतीस. खाऱ्या हवेत ही वस्तू काय करेल ह्याचा विचार करायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, काकीची नाही. तो दुकानदार पाच मिनिटं खर्च करून बघता तर त्याला दिसलं असतं. काकीने सगळं ऐकून घेतलं. बाबांच्या प्रत्येक भाषणानंतर ती थांबते तेवढी थांबली.

"ता सगळा खरा आसा. पण ह्या पण खराच मा?"

मी म्हटलं, हे छापलं तर बाकीचं कोणी वाचणार नाही.

तेव्हा तिने मला एक गोष्ट सांगितली, जी घरात मी कधी ऐकली नव्हती. बाबांनी एकदा पत्रकात लिहिलं होतं की ट्रॉलरांनी गावातल्या सगळ्या होड्यांची जाळी फाडली. त्यातली एक होडी काकीच्या भावाची होती, आणि तिचं जाळं खडपाला अडकून फाटलं होतं. काकीने सगळं पत्रक जुळवलं, फक्त त्या ओळीची जागा कोरी सोडली आणि तसंच बाबांच्या टेबलावर ठेवलं. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन त्या कोऱ्या जागेत लिहिलं, एक होडी सोडून. ते पत्रक वाचून ट्रॉलरवाल्यांना कोणी माफ केलं नाही, काकी म्हणाली. उलट माझो भाव, जो कधी सभेक जायत नसा, तो त्या वेळी गेलो.

"खोटा जुळवूक माझो हात चलना नाय," ती म्हणाली. "तुझ्या पत्रकात माझा मुठयाल घाल. नायतर दुसऱ्याकडसून जुळवून घी."

मी म्हटलं की भोकांत बोट माझं होतं. तर ती हसली आणि म्हणाली, मग दोघांचा लिव, तेवढीच एक ओळ वाढात.

आम्ही पुरचुंडी पंख्यावर ठेवली. मुठयाल हळूहळू पारदर्शक झालं आणि वाहायला लागलं. देवापुढच्या कापसाच्या वाती काकीने उचलून आणल्या होत्या. एकेक वात ती पात्यांमध्ये घालायची, ती तेल प्यायची, बाहेर काढायची, दुसरी. जखम साफ करावी तशी. वीस वाती लागल्या असतील. मग तिने ओठ गोल करून पंख्यावर फुंकर घातली. पातं हललं, थांबलं. दुसऱ्या फुंकरीला ते फिरलं, आणि फिरतच राहिलं, आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. मला वाटतं त्या वेळी थोडा वेळ आम्ही दोघीही आणखी कशाचाच विचार करत नव्हतो.

पत्रावळीवरून स्क्रू आपापल्या जागी गेले. भात, भाजी, मीठ. शेवटी लोणच्याच्या जागी एक स्क्रू उरला. आम्ही दोनदा शोधलं, त्याला घर सापडलं नाही. "लोणचा ऱ्हवला," काकी म्हणाली, आणि तो तिने शिलाईच्या डब्यात टाकला. जुन्या चिकटपट्टीच्या चिंध्या झाल्या होत्या, नवी त्या मापाची आमच्याकडे मिळत नाही. म्हणून काच आठ काळ्या कागदी क्लिपांनी चारी बाजूंनी धरली आहे. दिसायला आरसो आता वाळत घातल्यासारखा दिसतो.

बटण काकीने दाबलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. ती मांडीवर हात ठेवून बसली होती आणि काचेत तिचा चेहरा आणि पलीकडची अक्षरं एकात एक दिसत होती. अर्धा तास झाल्यावर तिने जत्रेचा कागद पुढ्यात ओढला, पहिल्या ओळीत 'श्री' लिहिलं, आणि मग तिची दहाही बोटं सुटली. मी भिंतीला टेकले. पंख्याचा आवाज, कळांचा आवाज, त्यामागे समुद्र. मला झोप लागली असावी, कारण डोळे उघडले तेव्हा ऊन खिडकीतून गेलं होतं आणि काकी पालखीच्या वेळेपर्यंत पोचली होती.

सोमवारी मानकरी आले. कागद वाचला, नाटकाची वेळ अर्ध्या तासाने पुढे करायला सांगितली, आणि पुढच्या महिन्यात पुतणीच्या पत्रिका आहेत म्हणून सांगून गेले.

माझं पत्रक मी पुन्हा लिहिलं. मथळा बदलला. गुण तेच ठेवले, कारण ते खरे होते: हा संगणक नापासच आहे, आणि ज्यांनी तो असा बंद करून विकला ते त्याला जबाबदार आहेत. त्याखाली आमची ओळ आहे, मुठयालाची, भोकांत घातलेल्या बोटासकट. काकीने ते जुळवलं आणि मला न विचारता माझी दोन विशेषणं काढून टाकली. तेच पत्रक लांबवून मी तुम्हाला इथे सांगते आहे, कारण पत्रकात मावत नव्हतं ते हे: आरशाचा पंखा आता खरखरतो. आठ वर्षं अडून अडून त्याचा कणा झिजला आहे. तो आणखी एक पावसाळा काढेल की नाही, मला माहीत नाही, आणि तो पंखा सुटा विकत मिळत नाही. मी सगळीकडे विचारलं. काकीची बोटं त्या एका पंख्यावर आहेत. आणि अशा बायका, अशी माणसं, प्रत्येक तालुक्यात असणार, ज्यांचं काम एका जुन्या यंत्राच्या एका छोट्या भागावर उभं आहे.

म्हणून माझी विनंती आहे. तुमच्या माळ्यावर, खाटेखाली, कपाटावर असा एखादा संगणक पडला असेल तर तो भंगारात देऊ नका. ह्या रविवारी दुपारी तो उघडा. वायर आदल्या दिवशी काढून ठेवा, घाई करू नका. त्यातला पंखा, डिस्क, जे शाबूत निघेल ते काढा, कागदात गुंडाळा, कागदावर संगणकाच्या पाठीवरचा मॉडेल नंबर लिहा, आणि तुमच्या गावात जो कोणी दुरुस्ती करतो त्याच्या दुकानात ठेवून या. सोबत एक चिठ्ठी ठेवा: उघडताना काय अडलं, आत काय सापडलं, त्यात करणाऱ्याची चूक कोणती आणि तुमची कोणती. दोन्ही लिहा. आणि त्याला सांगा, कोणी मागायला आलं तर हे त्याला द्या, पण आधी त्याचं यंत्र उघडून बघा.